बाहेरून बी. ए.

लग्नाची बोलणी चाललेली असावीत, मुलाकडच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी मुलीच्या शिक्षणाची चौकशी करावी, मुलीच्या काकांनी "बी. ए. झाली आहे" असे जरा छाती पुढे काढून सांगावे, आणि लगेच समोरून प्रश्न यावा, "कॉलेजात जाऊन, की बाहेरून?" हा संवाद आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. प्रश्न तसा साधा. पण 'बाहेरून' म्हणताना विचारणाऱ्याचा आवाज किंचित खाली येतो, आणि उत्तर देणाऱ्या काकांची पुढे आलेली छाती तितकीच मागे जाते.

माझी आत्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती बी. ए. झाली. कुणी अभिनंदन केले की ती लगेच म्हणे, "अहो, मी आपली बाहेरून हो!" एखाद्या चुकीची कबुली द्यावी तशी. अकरा वर्षांचा असताना मला या 'बाहेरून'चा अर्थ कळत नसे. पदवी एक, परीक्षा एक, पेपर तपासणारे तेच. मग ही बाई आपल्या पदवीला स्वतःच्या तोंडाने बट्टा का लावते? पुढे या शब्दाचा माग काढावासा वाटला. तो काढत गेलो तो थेट लंडनला पोचलो, आणि तिथे एक गमतीची गोष्ट हाती लागली. ज्या विद्यापीठाच्या नमुन्यावर आपली विद्यापीठे उभी राहिली, ते मुळात बाहेरच्यांसाठीच निघाले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात विद्यापीठे दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. तिथे शिकायचे तर पैसा हवा, हे उघडच आहे. पण नुसत्या पैशाने भागत नसे. माणूस इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा अनुयायी हवा. ऑक्सफर्डला नाव दाखल करतानाच धर्ममताच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजला ही अट पदवी घेतेवेळी आडवी येई. म्हणजे कॅथॉलिक बाहेर, ज्यू बाहेर, वेगळ्या पंथाचे प्रॉटेस्टंटही बाहेर. ही धर्माची अट बहुतेक पदव्यांपुरती कायद्याने उठली ती १८७१ साली. तोवर या बाहेरच्या मंडळींनी स्वस्थ का बसावे? १८२६ साली लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर त्यांनी एक कॉलेज काढले. त्यात कुणाला धर्म विचारायचा नाही असे ठरवले. त्याला उत्तर म्हणून चर्चच्या अभिमान्यांनी १८२९ साली किंग्ज कॉलेज काढले. आता दोघांनाही पदव्या द्यायच्या, पण देणार कोण? सरकारने १८३६ साली तोड काढली. शिकवण्याचे काम कॉलेजांनी करावे, आणि लंडन विद्यापीठ नावाच्या तिसऱ्याच संस्थेने परीक्षा घेऊन पदवी द्यावी.

जगाच्या शिक्षणाच्या इतिहासात हा प्रकार मोठा विलक्षण होता. विद्यापीठ म्हटले की गुरू आला, शिष्य आला, दोघांची एकत्र वस्ती आली. इथे विद्यापीठाला वर्ग नाही, बाक नाही, शिकवणारा प्राध्यापक नाही. परीक्षक तेवढे आहेत. शिकवणे आणि परीक्षा घेणे यांची इथे फारकत झाली, आणि पुढे जे काही झाले ते सगळे या फारकतीतून निघाले.

कारण एकदा परीक्षा वेगळी झाली की कुणाच्या तरी मनात शंका यायचीच : उमेदवाराला विषय येतो की नाही हे पेपरवरून कळत असेल, तर तो कुठल्या कॉलेजात बसला होता हे विचारायचे कशाला? १८५८ सालच्या नव्या सनदेने लंडन विद्यापीठाने ती चौकशीच सोडून दिली. वैद्यकीचा अपवाद ठेवला. बाकीच्या पदव्यांसाठी मॅट्रिक व्हा, फी भरा, परीक्षेला बसा. घरी शिका, दुकानात शिका, रात्री मेणबत्तीच्या उजेडात शिका, आम्हांला कर्तव्य नाही! १८६५ साली ही परीक्षा समुद्र ओलांडून मॉरिशसला गेली. १८७८ साली पदव्या स्त्रियांना खुल्या झाल्या. ब्रिटनमध्ये हे पाऊल प्रथम टाकले ते याच विद्यापीठाने. पुढे १९०० साली विद्यापीठाची नवी घडी बसली तेव्हा कॉलेजातले ते 'अंतर्गत' आणि बाकीचे 'बहिःस्थ' अशी विद्यार्थ्यांची रीतसर विभागणी झाली. आमच्या आत्याच्या तोंडच्या 'बाहेरून'चे कुळ हे असे आहे.

आता आपल्याकडे वळू. चार्ल्स वुडचा खलिता १८५४ सालचा. हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत आणि ती लंडनच्या नमुन्यावर काढावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याप्रमाणे १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. मुंबईची तारीख १८ जुलै. मुंबई विद्यापीठही सुरुवातीला परीक्षा घेणारेच होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे पहिले चार बी. ए. १८६२ साली बाहेर पडले, ते विद्यापीठात शिकून नव्हे. शिकले ते कॉलेजात, विद्यापीठाने त्यांना तपासले.

पण तारखा नीट पाहा. आपण नमुना उचलला १८५७ साली, आणि लंडनने दार उघडले १८५८ साली! एका वर्षाने चुकामूक झाली. मूळ विद्यापीठ पुढच्याच वर्षी "कुठेही शिका" म्हणू लागले, आणि आपल्याकडे मात्र संलग्न कॉलेजात टर्म भरण्याची अट पक्की बसली. लंडनची परीक्षेची दहशत आपण घेतली, लंडनची मोकळीक घ्यायची राहिली. टर्म भरायची म्हणजे मुंबईस किंवा पुण्यास राहायचे, खाणावळ शोधायची, वारावर जेवायचे. ज्याला हे जमले तो पदवीधर झाला. मामलेदार कचेरीत चिकटलेला कारकून, तेराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी, गावातल्या शाळेवरचा मास्तर, हे सगळे राहिले बाहेर. पुढेमागे काही विद्यापीठांनी शिक्षकांना आणि स्त्रियांना खाजगी रीतीने परीक्षेस बसू दिले. पण ती सवलत म्हणून.

आणखी एक योगायोग सांगतो. ज्या १८५४ साली वुडचा खलिता आला, त्याच साली हिंदुस्थानात अर्ध्या आण्यात देशभर कुठेही पत्र जाऊ लागले. विद्यापीठाची कल्पना आणि स्वस्त टपाल एकाच वर्षी आपल्या दारात आली. या दोन गोष्टींची गाठ घालावी, हे आपल्या विद्यापीठांना सुचायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

इंग्लंडात ही गाठ लवकर पडली, पण विद्यापीठाने घातली नाही. १८४० साली तिथे एका पेनीचे टपाल सुरू झाले, आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन या लघुलिपीच्या जनकाने टपालाने लघुलिपी शिकवायला आरंभ केला. शिष्याने बायबलातला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, गुरूने चुका दुरुस्त करून परत करायचा. लंडन विद्यापीठाची परीक्षा सर्वांना खुली झाल्यावर हीच युक्ती पदवीच्या अभ्यासाला लागू झाली. विद्यापीठ म्हणे, आम्ही फक्त परीक्षा घेऊ. मग शिकवणार कोण? या पोकळीत खाजगी लोक शिरले. विल्यम ब्रिग्ज नावाच्या गृहस्थांनी १८८७ साली केंब्रिज गावात 'युनिव्हर्सिटी करस्पाँडन्स कॉलेज' काढले. केंब्रिजच्या जुन्या विद्यापीठाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. विद्यार्थी तयार व्हायचे ते लंडनच्या परीक्षेसाठी. एच. जी. वेल्स हे कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक होण्यापूर्वी ब्रिग्जच्या या संस्थेत शिकवीत होते, आणि त्यांनी स्वतः १८९० साली बी. एस्सी.ची पदवी मिळवली होती ती लंडन विद्यापीठाची, बाहेरूनच.

दूरशिक्षणाच्या उद्घाटनाच्या समारंभात एक उल्लेख हटकून येतो : आमचा एकलव्य हा जगातला पहिला दूरशिक्षणार्थी! टाळ्या पडतात. मला या दाखल्याने नेहमी अस्वस्थ वाटते. द्रोणाचार्यांनी त्याला धडा एकही दिला नाही. दारातून परत पाठवले, आणि शेवटी फी मात्र वसूल केली. १८५८ सालच्या लंडन विद्यापीठाला हा दाखला जरूर लागू पडतो. अंगठा मागितला नाही, एवढाच काय तो फरक.

बाहेरच्याला परीक्षेबरोबर शिकवणेही द्यायचे, आणि ते विद्यापीठानेच द्यायचे, ही पुढची पायरी अमेरिकेत पडली. १८९२ साली शिकागो विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यात पत्रद्वारा शिक्षणाचा विभागच ठेवला. ऑस्ट्रेलियात अंतरे अफाट. तिथे क्वीन्सलंड विद्यापीठाने १९११ पासून टपालाने शिकवायला सुरुवात केली. क्रांतीनंतरच्या रशियात नोकरी न सोडता पत्राने शिकणाऱ्यांची मोठी व्यवस्था उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठाचा जन्म १८७३ सालचा, केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून. १९४६ साली तेही टपालाने शिकवू लागले.

या शेवटच्या विद्यापीठावरून नेल्सन मंडेलांची आठवण निघते. त्यांची बी. ए. याच विद्यापीठाची, बाहेरून केलेली. पुढे जन्मठेपेवर रॉबेन बेटावर असताना त्यांनी लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास धरला. मध्ये काही वर्षे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी शिक्षा म्हणून अभ्यासाची परवानगीच काढून घेतली. अखेर एल्एल्. बी. पदरात पडली ती १९८९ साली, दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठाकडून. तेव्हाही ते कैदेतच होते. 'आत' राहून 'बाहेरून' परीक्षा देण्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे शाळा वाढल्या, मॅट्रिक झालेली मुले वाढली, आणि कॉलेजांच्या दाराशी रांगा लागल्या. प्रत्येक रांगेसाठी इमारत बांधायची तर पैसा कुठून आणायचा? १९६१ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने या प्रश्नाचा विचार केला, आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा बी. ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९६४ ते ६६ या काळात बसलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षही हेच कोठारी. १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातले निदान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंकाळच्या वर्गांतून शिकावेत, अशी त्या आयोगाची अपेक्षा होती. १९६८ साली पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ या वाटेने आले, आणि १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचे संचालनालय उघडले. आपल्या जन्मानंतर एकशे चौदा वर्षांनी मुंबई विद्यापीठ टपाल कचेरीची पायरी चढले!

आमची आत्या याच काळात विद्यार्थिनी झाली. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे. धडे येत ते बुकपोस्टाने, तपकिरी पाकिटातून. पोस्टमन ओटीवर येऊन हाक मारी, "बाई, धडा आलाय!" शाळा, स्वयंपाक, सासूबाईंची औषधे हे सगळे उरकून रात्री दहानंतर ती पाकीट फोडी. आत सायक्लोस्टाइल केलेले कागद. शाई कुठे दाट, कुठे इतकी पुसट की अक्षर उजेडाकडे धरून वाचावे लागे. धड्याच्या शेवटी प्रश्न असत. त्यांची उत्तरे लिहून पाठवली की दीड-दोन महिन्यांनी तपासून येत. एकदा आठ पाने भरून उत्तर तिने पाठवले, त्यावर तांबड्या शाईत दोन शब्द परत आले, "उदाहरणे द्या." त्या दोन शब्दांवर ती तीन दिवस विचार करीत होती. अर्थशास्त्राचे शेवटचे दोन धडे परीक्षा संपल्यावर आले.

तरी दिवाळीच्या सुटीत दहा दिवसांचा संपर्क वर्ग असे, त्याला ती डबा आणि वळकटी घेऊन गेली. तिथे बाकावर बसून तिने आयुष्यात प्रथम प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकले. परत आल्यावर कितीतरी दिवस ती त्या दहा दिवसांचेच बोलत असे : कोण प्राध्यापक काय म्हणाले, शेजारच्या बाकावरचा एस.टी.तला कंडक्टर कसे नेमके प्रश्न विचारी. परीक्षेच्या मांडवात तिच्या पुढच्या बाकावर कोण असावे? तिनेच चौथीत शिकवलेली मुलगी.

ही तक्रार एका विद्यापीठापुरती नव्हती. पत्रद्वारा शिक्षणाच्या त्या पहिल्या पिढीत पुष्कळ ठिकाणी वर्गातल्या टिपणांनाच धडा म्हणून पाकिटात घालीत. समोर माणूस नाही, त्याला शंका आली तर विचारायला कुणी नाही, हे लक्षात घेऊन लिहिणे ही वेगळी विद्या आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले. शिवाय या बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी भरपूर जमे, आणि तिच्यातला बराच भाग आतल्या विभागांची तोंडमिळवणी करण्यात जाई. बाहेरच्यांच्या पैशावर आतला संसार चाले. आणि वर आतल्यांनी बाहेरच्यांना कमी लेखावे, हा न्याय काही मला पटत नाही.

बाहेरच्यासाठी म्हणून मुद्दाम शिकवणे घडवायचे, हा विचार खऱ्या अर्थाने रुजला तो पुन्हा इंग्लंडात. सप्टेंबर १९६३ मध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. रेडिओ आणि टेलिव्हिजन यांच्यामार्फत घरोघर पोचणारे विद्यापीठ. आपल्याकडे असे 'वाऱ्यावरचे विद्यापीठ' कुणी म्हटले असते, तर विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडणार की काय, अशी शंका पहिल्यांदा आली असती. तिकडेही थट्टा कमी झाली नाही. पण पंतप्रधान झाल्यावर विल्सन यांनी हे काम जेनी ली यांच्याकडे सोपवले. या बाई खाणकामगाराच्या घरात जन्मलेल्या. विद्यापीठ काढायचे तर पहिल्या प्रतीचे काढायचे, गरिबांसाठी म्हणून दुय्यम काही चालणार नाही, असा त्यांचा हट्ट होता. १९६९ साली सनद मिळाली, आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे पंचवीस हजार विद्यार्थ्यांनिशी 'ओपन युनिव्हर्सिटी' सुरू झाली. प्रवेशाला कुठल्याही परीक्षेची अट नाही. शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूसही नाव घालू शकत होता.

सुरू झाली आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये टपाल खात्याचा संप झाला! २० जानेवारीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पत्र हलले नाही. ज्या विद्यापीठाचा सारा व्यवहार पाकिटांवर, त्याला पहिल्याच सत्रात हा प्रसाद. धडे पोचवण्याची दुसरी व्यवस्था करून त्यांनी तेही वर्ष निभावले.

मला या विद्यापीठाची दोन गोष्टींसाठी फार मातब्बरी वाटते. धडा एकट्या प्राध्यापकाने लिहायचा नाही. विषयाचे जाणकार, संपादक, बी.बी.सी.चे निर्माते यांनी मिळून बसायचे, एकमेकांचे खरडे फाडायचे, आणि घरी एकटा बसलेला वाचक कुठे अडखळेल याचा आधी विचार करायचा. दुसरी गोष्ट प्रयोगांची. विज्ञान घरी कसे शिकवणार, असे सगळे विचारीत. त्यांनी प्रयोगाच्या साहित्याची पेटीच टपालाने पाठवली. तिच्यात प्लॅस्टिकचा एक छोटासा सूक्ष्मदर्शकही असे. स्वयंपाकघराच्या टेबलावर, जेवणाची भांडी आवरल्यावर, माणसे पेशी पाहू लागली. रेडिओ-टेलिव्हिजनचे नाव मोठे झाले खरे, पण भार वाहिला तो छापील धड्याने आणि गावोगावच्या अभ्यासकेंद्रांनी. तिथल्या शिक्षकाला विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावे माहीत असत.

नभोवाणीच्या माणसाने हे बोलावे हे जरा विचित्र दिसेल, पण त्याचा दाखला आपल्या घरचाच आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली होती. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर वाद घालीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्या योजनेचे सूत्र होते. नुसता आवाज पाठवून भागत नाही, उलट आवाज यायलाही वाट लागते, हे त्या खेड्यांतून दिसून आले होते. ते विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, हे मान्य. पण विद्यापीठांनी त्यापासून शिकायला हरकत नव्हती.

मुक्त विद्यापीठाची हवा आपल्याकडे आली तीही सावकाश. १९७४ साली जी. पार्थसारथी यांच्या समितीने राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिफारस केली. ते निघाले १९८५ साली, इंदिरा गांधींच्या नावाने. त्याआधी १९८२ साली आंध्र प्रदेशाने हैदराबादेत पहिले मुक्त विद्यापीठ काढून दाखवले होते, ज्याला १९९१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. जी. राम रेड्डी हे तिथले पहिले कुलगुरू, आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू तेच. १९८७ साली दोन पदविका अभ्यासक्रम आणि ४,५२८ विद्यार्थी एवढ्या भांडवलावर त्या राष्ट्रीय विद्यापीठाची शिकवणी सुरू झाली. आज त्याचे विद्यार्थी लाखांनी मोजतात.

१९८५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने जे नियम केले त्यात एक कलम मोठे मोलाचे होते. ज्याच्याजवळ शाळेचा कसलाही दाखला नाही, पण वय एकवीस वर्षे पुरे आहे, त्याने विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली की पदवीच्या वर्गाचे दार त्याला उघडे होते. मॅट्रिकला गणितात गचकलेली, लग्नामुळे सातवीतून काढलेली, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेली जी जी म्हणून माणसे होती, त्यांच्यासाठी हे कलम.

महाराष्ट्रात त्याचा उपयोग झाला तो नाशिकमुळे. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्यांनी घेतले, आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. माळीकामाचेही शिक्षण तिथे मिळू लागले. विद्यापीठाने माळीकाम शिकवावे का, म्हणून नाके मुरडणारे होतेच. माझ्या मते याहून मोठी कामगिरी म्हणजे पुस्तके. पदवीच्या पातळीचे विषय मराठीत, शिक्षक शेजारी नसताना समजतील अशा रीतीने लिहिणे. आमच्या आत्याच्या वेळी धडा मराठीत असला तरी तो इंग्रजी टिपणाचे धुणे वाळत घातल्यासारखा दिसे. नाशिकच्या पहिल्या पुस्तकांत वाचकाला थांबवून विचारलेले प्रश्न आहेत, त्याच्या शेतातले दाखले आहेत, मध्येच उत्तर लिहायला सोडलेली कोरी जागा आहे. "उदाहरणे द्या" असे लिहिणाऱ्याने आधी स्वतः उदाहरणे दिलेली आहेत.

रविवारी सकाळी तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात जाऊन पाहावे. आठवडाभर जिथे मिसरूड फुटलेली मुले बसतात, त्याच बाकांवर या दिवशी पोलीस शिपाई, अंगणवाडीच्या बाई, रात्रपाळी करून थेट आलेला कामगार बसलेले असतात. कुणाचे मूल व्हरांड्यात आजीजवळ खेळते. शिकवणारे प्राध्यापक तेच, फळा तोच. उणिवा याही व्यवस्थेत आहेत. केंद्रे नावापुरती चालतात, अर्ध्यावर सोडून जाणारे पुष्कळ असतात, नक्कल करून पास होणारेही सापडतात. आणि नोकरीच्या मुलाखतीत तो जुना प्रश्न अजून येतो. दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे अनुदान आयोगाला २०२२ सालीही नव्याने जाहीर करावे लागले. तसे आयोगाने आधीही सांगितले होते.

त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे देशातली सगळी कॉलेजे बंद झाली होती. आतले विद्यार्थी घरी बसले, प्राध्यापक आपापल्या खोलीतून मोबाइलकडे पाहून बोलू लागले. कुणाचा आवाज तुटे, कुणाला शंका विचारायची संधी मिळेना, कुणाच्या घरात फोनच एक. वर्षभर सगळेच बाहेरून शिकले. त्या दिवसांत आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक फोनवर वैतागून म्हणाले, "समोर चेहरा नसला की शिकवायचं कसं हो?" त्यांना मी त्या तपकिरी पाकिटांची हकीकत सांगितली.

आत्याचा निकाल वर्तमानपत्रात आला, नुसत्या नंबरात. पदवीदान समारंभाला जायचे म्हणजे गाडीभाडे, रजा, शिवाय भाड्याचा झगा. ती गेली नाही. धडे आले तशी पदवीही टपालानेच आली, पुठ्ठा घातलेल्या मोठ्या पाकिटातून. पोस्टमनने नेहमीसारखी हाक मारली नाही, पायरीवर उभे राहून त्याने पाकीट दोन्ही हातांनी दिले आणि विचारले, "बाई, म्हणजे आता धडे बंद?"

"छे!" आत्या म्हणाली, "कालच एम. ए.चा फॉर्म टाकलाय."